द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर, १९१०:सोलापूर, महाराष्ट्र, भारत - ९ डिसेंबर, १९४२:गेगोंग, हबेई प्रांत, चीन) हे भारतीय शल्यचिकित्सक होते. दुसऱ्या चीन-जपान युद्धाच्या काळात जखमी सैनिकांवर आणि नागरिकांवर उपचार करण्यासाठी भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने १९३८ साली पाच डॉक्टरांचे पथक चीनला पाठवले. कोटणीस त्या पथकाचे सदस्य होते. पथकातील इतर चार डॉक्टर पुढे टप्प्याटप्प्याने भारतात परतले. कोटणीस मात्र उत्तर चीनच्या डोंगराळ युद्धक्षेत्रात राहिले. तेथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. शस्त्रक्रिया करणे, नव्या शल्यचिकित्सकांना शिकवणे आणि त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तक लिहिणे ही तिन्ही कामे ते एकाच वेळी करीत होते. वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी अपस्माराच्या आजाराने त्यांचे निधन झाले. चीनमध्ये ते 'के दीहुआ' या नावाने ओळखले जातात.

बालपण आणि शिक्षण

कोटणीस यांचा जन्म सोलापुरात एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला. त्यांना दोन भाऊ व पाच बहिणी होत्या. त्या काळी सोलापूर हे कापडगिरण्या आणि हातमाग यांमुळे भरभराटीला आलेले कामगारांचे शहर होते. राजकीय जागृतीतही ते आघाडीवर होते. १९३० साली सविनय कायदेभंगाच्या चळवळीत सोलापुरात उठाव झाला, सरकारने तेथे लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी, १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन या चौघांना फाशी देण्यात आली. कोटणीस यांच्या तारुण्याची वर्षे नेमकी याच काळातील होती.

वैद्यकीय शिक्षणासाठी कोटणीस मुंबईला गेले. परळ येथील सेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात आणि त्याला जोडलेल्या किंग एडवर्ड स्मारक रुग्णालयात त्यांचे शिक्षण झाले. १९२६ साली सुरू झालेल्या या संस्थेचे एक वैशिष्ट्य होते. सरकारी वैद्यकीय सेवेत वरच्या जागा युरोपीय डॉक्टरांकडे जात असत. या संस्थेला देणगी देणाऱ्यांनी मात्र अध्यापक आणि डॉक्टर भारतीयच असावेत अशी अट घातली होती. भारतीय शल्यचिकित्सक कोणत्याही कठीण शस्त्रक्रियेची जबाबदारी स्वतंत्रपणे पेलू शकतो, हे विद्यार्थ्यांना तेथे रोज पाहायला मिळत असे. पदवी मिळाल्यानंतर कोटणीस पदव्युत्तर शिक्षणाच्या तयारीत होते. त्याच सुमारास चीनला जाणाऱ्या पथकासाठी डॉक्टर हवे असल्याचे आवाहन झाले आणि त्यांनी आपले नाव दिले.

चीनसाठी वैद्यकीय पथक

७ जुलै, १९३७ रोजी बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलापाशी झालेल्या चकमकीतून जपान आणि चीन यांच्यात उघड युद्धाला तोंड फुटले. त्या वर्षाच्या अखेरीस शांघाय व नानजिंग ही शहरे जपानी सैन्याच्या हाती गेली. चिनी साम्यवादी पक्षाची आठवी मार्गसेना उत्तर चीनमध्ये जपानी सैन्याशी गनिमी लढा देत होती. तिच्याकडे प्रशिक्षित डॉक्टर फारच थोडे होते आणि शल्यचिकित्सक तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते. या सेनेचे सेनापती चू तेह यांनी जवाहरलाल नेहरू यांना पत्र लिहून भारतातून वैद्यकीय मदत पाठवण्याची विनंती केली.

१९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेले सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून रोजी जनतेला मदतीचे आवाहन केले. देशभर 'चीन दिन' पाळण्यात आला आणि ७ ते ९ जुलै या तीन दिवसांत निधी गोळा करण्यात आला. त्यातून जमलेल्या सुमारे २२,००० रुपयांतून पथक, रुग्णवाहिका आणि औषधे यांची तजवीज झाली. स्वतः परकीय सत्तेखाली असलेल्या देशाने दुसऱ्या आक्रमणग्रस्त देशाला पाठवलेली ही मदत असल्यामुळे तिला राजकीय महत्त्वही होते.

पथकात पाच डॉक्टर होते. प्रमुख असलेले अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल यांना स्पेनच्या यादवी युद्धातील वैद्यकीय सेवेचा अनुभव होता. नागपूरचे डॉ. एम. आर. चोळकर हे वयाने ज्येष्ठ होते. कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे तिघे तरुण होते. १ सप्टेंबर, १९३८ रोजी पथकाने मुंबई बंदरातून 'राजपुताना' या जहाजाने प्रस्थान ठेवले. त्या वेळी कोटणीस यांच्या वयाला २८ वर्षेही पूर्ण झालेली नव्हती.

चीनमधील प्रवास

१७ सप्टेंबर, १९३८ रोजी पथक दक्षिण चीनमधील कँटन येथे, म्हणजे आजच्या ग्वांगझू शहरात, पोहोचले. चीनच्या प्रजासत्ताकाचे संस्थापक सुन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून पथक चांगशामार्गे हांकौला गेले आणि तेथील रुग्णालयांत काम करू लागले. जपानी सैन्य वेगाने पुढे येत होते. ऑक्टोबर महिन्यात कँटन आणि हांकौ ही दोन्ही शहरे पडली. माघार घेणाऱ्या जखमींच्या लोंढ्याबरोबर पथकाला यांगत्से नदीच्या वरच्या अंगाला सरकावे लागले. यीचांगमार्गे ते चुंगकिंग या युद्धकालीन राजधानीत पोहोचले.

चुंगकिंगमध्ये शांतिनिकेतनातील चीना भवनाचे संचालक तान युन-शान यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर होते आणि त्याचा अर्थ चीन असा होतो. त्यानुसार कोटणीस यांचे नाव 'के दीहुआ' झाले.

याच मुक्कामात कोटणीस यांना सोलापूरहून वडिलांच्या निधनाची बातमी कळली. घरी परतण्याचा मार्ग त्यांना मोकळा होता आणि सहकाऱ्यांनीही तसा सल्ला दिला. पथकाचे खरे काम मात्र अजून सुरूही झाले नव्हते. कोटणीस यांनी परत न जाण्याचा निर्णय घेतला. जानेवारी १९३९ मध्ये पथक चुंगकिंगहून उत्तरेकडे निघाले आणि १२ फेब्रुवारी, १९३९ रोजी येनान येथे पोहोचले. येनान हे चिनी साम्यवादी पक्षाचे मुख्य केंद्र होते. तेथे माओ त्से-तुंग यांनी पथकाचे स्वागत केले.

येनान येथील काम

येनानच्या परिसरातील डोंगर पिवळ्या, मऊ मातीचे आहेत. लोक या डोंगरांत गुहेसारखी घरे खोदून राहत. बाँबहल्ल्यांपासून बचाव व्हावा म्हणून रुग्णालयेही अशाच गुहांमध्ये असत. कोटणीस यांची नेमणूक आठव्या मार्गसेनेच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात झाली.

मुंबईच्या रुग्णालयातील विजेचे दिवे, वाहते पाणी, क्ष-किरण यंत्र आणि प्रयोगशाळा यांपैकी येथे काहीच गृहीत धरता येत नव्हते. कोटणीस यांनी या काळात चिनी भाषा शिकण्यावर भर दिला. रुग्णाची तक्रार समजून घेणे आणि सहायकाला ऐन शस्त्रक्रियेत सूचना देणे ही कामे दुभाष्यामार्फत सुरक्षितपणे करता येत नाहीत. काही काळातच ते चिनी बोलू व वाचू लागले आणि पुढे त्याच भाषेतून व्याख्याने देऊ लागले.

दरम्यान चोळकर आणि मुखर्जी भारतात परतले. मुखर्जी यांना मूत्रपिंडाचा विकार जडला होता. उरलेल्या तिघांनी, म्हणजे अटल, बसू व कोटणीस यांनी, प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याची परवानगी मागितली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते येनानहून निघाले.

आघाडीवरील शस्त्रक्रिया

कोटणीस यांच्या कामाचे स्वरूप समजण्यासाठी त्या काळातील युद्धशस्त्रक्रियेची माहिती आवश्यक आहे. गोळी किंवा बाँबचा तुकडा शरीरात शिरताना कपड्यांचे तुकडे, माती आणि जंतू आत नेतो. जखमेच्या कडेचे चिरडलेले मांस मृत होते आणि जंतूंची वाढ तेथूनच सुरू होते. साधारणतः सहा ते आठ तासांच्या आत हे मृत मांस कापून काढले आणि जखम स्वच्छ करून उघडी ठेवली, तर अवयव वाचण्याची शक्यता बरीच असते. उशीर झाला तर जंतुसंसर्ग खोलवर जातो, कोथ पसरतो आणि हात किंवा पाय कापावा लागतो, अन्यथा रुग्ण दगावतो. पेनिसिलिन त्या वेळी उपलब्ध नव्हते. सल्फा औषधे निघाली होती, पण वेढलेल्या प्रदेशात ती क्वचितच पोहोचत. त्यामुळे जखमीचे भवितव्य मुख्यतः दोन गोष्टींवर अवलंबून असे. एक म्हणजे तो किती लवकर शल्यचिकित्सकाच्या हाती येतो आणि दुसरी म्हणजे त्या हाताला आपले काम किती येते.

याच तत्त्वावर कॅनडाचे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांनी उत्तर चीनमध्ये १९३८ पासून काम उभे केले होते. जखमींची वाट पाहत रुग्णालयात न बसता शल्यचिकित्सकाने स्वतः लढाईच्या जवळ जावे, यावर त्यांचा भर होता. त्यासाठी त्यांनी फिरती शस्त्रक्रिया पथके तयार केली. खेचराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना अडकवता येतील अशा पेट्या बनवून त्यांत उपकरणे, भूल देण्याचे साहित्य व मलमपट्ट्या भरल्या जात. एखादे देऊळ किंवा शेतकऱ्याचे घर मिळाले की थोड्याच वेळात तेथे शस्त्रक्रिया सुरू करता येई. भारतीय डॉक्टरांना बेथ्यून यांच्याबरोबर काम करण्याची इच्छा होती. परंतु शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग रक्तात पसरून १२ नोव्हेंबर, १९३९ रोजी बेथ्यून यांचे निधन झाले. त्यांची भेट झालीच नाही.

डिसेंबर १९३९ मध्ये तिघे डॉक्टर शानसी प्रांतातील आठव्या मार्गसेनेच्या मुख्यालयात पोहोचले आणि चू तेह यांना भेटले. प्रकृती बिघडल्यामुळे अटल यांना १९४० च्या आरंभी परतावे लागले. बसू आणि कोटणीस जपानी ठाण्यांच्या रांगा ओलांडत शानसी, चाहार व हबेई या प्रांतांच्या सीमाप्रदेशात गेले. नी रोंगचेन हे त्या भागातील सेनापती होते.

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्गसेनेने 'शंभर रेजिमेंटांची मोहीम' सुरू केली. लोहमार्ग, पूल आणि खाणी यांवर एकाच वेळी हल्ले करण्यात आले. या मोहिमेत बसू व कोटणीस यांनी वेगवेगळ्या विभागांची जबाबदारी घेतली. १३ दिवसांच्या एका लढाईत कोटणीस यांच्या पथकाने ८००हून अधिक जखमींवर उपचार केले आणि त्यांपैकी ५००हून अधिक जणांवर शस्त्रक्रिया केल्या. अशा प्रसंगी शल्यचिकित्सकाला सलग दोन-तीन दिवस झोप मिळत नसे. एवढ्या जखमींमधून आधी कोणाला टेबलावर घ्यायचे, कोणता पाय वाचवायचा आणि कोणता कापायचा, हे निर्णय त्यालाच घ्यावे लागत.

बेथ्यून रुग्णालयाचे संचालक

मोहिमेनंतर बसू यांना येनानला परत बोलावण्यात आले. कोटणीस सीमाप्रदेशातच राहिले. भारतीय पथकातील ते आता त्या भागातील एकमेव डॉक्टर होते. जानेवारी १९४१ मध्ये त्यांची बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाच्या संचालकपदी नेमणूक झाली. हे रुग्णालय हबेई प्रांतातील तांग काउंटीत, ताइहांग पर्वताच्या कुशीतील गेगोंग या गावी होते.

रुग्णालय म्हणजे एखादी स्वतंत्र इमारत नव्हती. गावातील घरे वॉर्ड म्हणून वापरली जात आणि गावकरीच जखमींची शुश्रूषा करण्यास मदत करीत. जपानी सैन्याच्या शोधमोहिमा सुरू झाल्या की सर्व रुग्ण, उपकरणे आणि औषधे घेऊन डोंगरात निघून जावे लागे. धोका टळला की काम पुन्हा सुरू होई. अशा स्थितीत कोटणीस यांनी शेकडो शस्त्रक्रिया केल्या. त्यांत युद्धातील जखमा तर होत्याच, शिवाय परिसरातील शेतकऱ्यांचे नेहमीचे आजारही होते. त्या भागात दुसरे रुग्णालय नसल्याने गावकऱ्यांसाठीही हाच आधार होता.

साहित्याचा तुटवडा कायम होता. जपानी वेढ्याच्या जोडीला राष्ट्रवादी सरकारने साम्यवादी प्रदेशांची केलेली नाकेबंदीही १९४१ पासून अधिक कडक झाली. बँडेज धुऊन, उकळून पुन्हा वापरले जात. साधी उपकरणे स्थानिक सुतार व लोहार यांच्याकडून बनवून घेतली जात. हातमोजे, टाके घालण्याचा दोरा, भुलीचे औषध हे सर्व मोजून वापरावे लागे. साधनांची उणीव जेथे एवढी असते, तेथे शल्यचिकित्सकाची शिस्तच रुग्णाच्या सुरक्षिततेची मुख्य हमी ठरते.

कोटणीस रुग्णांमध्ये लोकप्रिय होते. सहकारी त्यांना आपुलकीने 'लाओ के', म्हणजे 'म्हातारा के', असे म्हणत. चीनमध्ये हे बरोबरीच्या मित्राला उद्देशून वापरायचे संबोधन आहे. त्यांच्या सावळ्या वर्णावरून आणि मायाळू वागण्यावरून जखमी सैनिकांनी त्यांना 'काळी आई' असेही नाव दिले होते.

अध्यापन व लेखन

बेथ्यून यांच्याच नावाची एक वैद्यकीय शाळा रुग्णालयाला जोडलेली होती. तेथे शिकणारे बहुतेक विद्यार्थी ग्रामीण तरुण होते आणि त्यांपैकी अनेकांचे शालेय शिक्षणही अपुरे होते. त्यांना अल्प काळात आघाडीवरच्या कामासाठी तयार करायचे होते. कोटणीस त्यांना शस्त्रक्रियेचा विषय चिनी भाषेतून शिकवत. दिवसा व्याख्यान व शस्त्रक्रिया, संध्याकाळी रुग्णतपासणी आणि रात्री दिव्याच्या उजेडात लेखन असा त्यांचा दिनक्रम होता.

विद्यार्थ्यांच्या हाती योग्य पुस्तक नसल्याने कोटणीस यांनी शस्त्रक्रियेवरील पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. शस्त्रक्रियेची सर्वसाधारण तत्त्वे सांगणारा भाग त्यांनी पूर्ण केला. निरनिराळ्या अवयवांवरील शस्त्रक्रियांची माहिती देणारा दुसरा भाग त्यांच्या मृत्यूच्या वेळी अपुरा राहिला होता.

या कामाचे महत्त्व त्यांच्या शस्त्रक्रियांच्या संख्येपेक्षा कमी नाही. बेथ्यून यांच्या मृत्यूने एक गोष्ट स्पष्ट केली होती. संपूर्ण प्रदेशाची शस्त्रक्रिया एका कुशल माणसावर अवलंबून असेल, तर त्याच्या बोटाची एक जखम ती सारी व्यवस्था कोलमडून टाकू शकते. आपल्यामागे काम चालू राहावे यासाठी कोटणीस यांनी कौशल्याची वाटणी केली. त्यांच्या हाताखाली तयार झालेले विद्यार्थी पुढे स्वतंत्रपणे शस्त्रक्रिया करू लागले.

कौटुंबिक जीवन

जून १९४० मध्ये बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात कोटणीस यांची क्वो छिंगलान यांच्याशी ओळख झाली. छिंगलान या प्रशिक्षित परिचारिका होत्या आणि बेथ्यून वैद्यकीय शाळेत शिकवत होत्या. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांचा विवाह झाला. २३ ऑगस्ट, १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. नी रोंगचेन यांनी त्याचे नाव 'यिनहुआ' असे सुचवले. 'यिन' म्हणजे भारत आणि 'हुआ' म्हणजे चीन. जुलै १९४२ मध्ये कोटणीस यांनी चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्यत्व घेतले होते.

आजार आणि निधन

१९४१ पासून कोटणीस यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. अतिश्रम, अपुरी झोप आणि निकृष्ट आहार यांमुळे प्रकृती खालावत गेली. उपचारासाठी सुरक्षित ठिकाणी जावे असे वरिष्ठांनी सुचवले, पण विद्यार्थ्यांचे शिक्षण आणि रुग्णालय अर्ध्यावर टाकून जाण्यास ते तयार झाले नाहीत. शल्यचिकित्सकाला अपस्मार असणे किती धोक्याचे आहे याची त्यांना डॉक्टर म्हणून पूर्ण जाणीव होती. आपल्यानंतर शस्त्रक्रिया करणारे हात तयार करण्याची निकड त्यामुळे अधिकच वाढली.

८ डिसेंबर, १९४२ च्या रात्री त्यांना तीव्र झटके आले. सहकाऱ्यांनी उपलब्ध ते सर्व उपचार केले, परंतु ९ डिसेंबरच्या पहाटे त्यांचे निधन झाले. मुलगा तेव्हा साडेतीन महिन्यांचा होता. जवळच्या नानक्वान गावी त्यांचे दफन करण्यात आले. येनान येथेही शोकसभा झाली आणि माओ त्से-तुंग व चू तेह यांनी त्यांना लेखी श्रद्धांजली वाहिली. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५३ साली, त्यांचे अवशेष हबेई प्रांताची आजची राजधानी असलेल्या शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत हलवण्यात आले. बेथ्यून यांची समाधीही तेथेच आहे.

छिंगलान यांनी पुढे अनेकदा भारताला भेट दिली आणि कोटणीस कुटुंबाशी संबंध कायम ठेवले. २०१२ साली त्यांचे निधन झाले. यिनहुआ यांनी वडिलांप्रमाणेच वैद्यकीय शिक्षण घेतले, मात्र १९६७ साली वयाच्या २५व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

चित्रपट व साहित्य

लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीस यांच्या जीवनावर 'अँड वन डिड नॉट कम बॅक' हे इंग्रजी पुस्तक लिहिले. त्याच्या आधारे व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा हिंदी चित्रपट काढला. दिग्दर्शनाबरोबरच शांताराम यांनी कोटणीस यांची भूमिकाही केली. जयश्री यांनी पत्नीची भूमिका केली होती आणि संगीत वसंत देसाई यांचे होते. कोटणीस यांचे नाव भारतात घरोघरी पोहोचले ते प्रामुख्याने या चित्रपटामुळे.

चित्रपटात मात्र कथेच्या गरजेनुसार वस्तुस्थितीत बदल करण्यात आले आहेत. त्यात कोटणीस प्लेगच्या साथीवर उपाय शोधून काढतात आणि त्याच रोगाने त्यांचा मृत्यू होतो असे दाखवले आहे. प्रत्यक्षात त्यांचा मृत्यू अपस्माराने झाला. त्यांच्या कार्याचा गाभाही एखाद्या औषधाच्या शोधात नसून, रोजच्या शस्त्रक्रियेत आणि अध्यापनात होता. १९८२ साली चीनमध्येही त्यांच्या जीवनावर चित्रपट निघाला.

स्मारके आणि सन्मान

* सोलापुरातील भैय्या चौक परिसरात असलेल्या कोटणीस यांच्या घराचे स्मारकात रूपांतर करण्यात आले असून २०१२ साली ते खुले झाले. चीनमधून येणारी शिष्टमंडळे या स्मारकाला भेट देतात.
* शिच्याच्वांग येथील बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयात त्यांच्या स्मृती जपल्या आहेत. त्याच शहरात त्यांच्या नावाची वैद्यकीय शाळाही आहे.
* चीनने १९८२ साली आणि भारताने १९९३ साली त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे प्रकाशित केली.
* २००९ साली चीनमध्ये घेण्यात आलेल्या जनमत चाचणीत, चीनला मदत करणाऱ्या दहा प्रमुख परदेशी मित्रांमध्ये कोटणीस यांची निवड झाली. त्यात बेथ्यून यांचाही समावेश होता.
* त्यांचे सहकारी बिजयकुमार बसू यांनी कलकत्त्यात कोटणीस स्मृती समितीच्या कार्यात पुढाकार घेतला आणि चिनी ॲक्युपंक्चर पद्धतीचा भारतात प्रसार केला. लुधियाना येथे कोटणीस यांच्या नावाचे ॲक्युपंक्चर रुग्णालय आहे.
* भारतभेटीवर येणाऱ्या चीनच्या अनेक नेत्यांनी मुंबईत कोटणीस कुटुंबीयांची भेट घेतली आहे. १९६२ च्या युद्धानंतर दोन्ही देशांचे संबंध ताणले गेले, तरी ही आठवण टिकून राहिली.

मूल्यमापन

कोटणीस यांचे नाव भारत-चीन मैत्रीचे प्रतीक म्हणून घेतले जाते आणि त्यामुळे त्यांचे शल्यचिकित्सक म्हणून असलेले काम काहीसे मागे पडते. पदवीनंतर फारसा अनुभव गाठीशी नसताना त्यांनी अनेक वरिष्ठांनाही कठीण वाटतील अशा परिस्थितीत शस्त्रक्रिया केल्या. त्यांच्या नावावर नवी उपकरणे किंवा नव्या शस्त्रक्रियापद्धती नाहीत. ज्ञात असलेले शल्यशास्त्र, जेथे ते पोहोचतच नव्हते अशा डोंगराळ खेड्यांत नेणे आणि तेथील तरुणांच्या हाती सोपवणे हे त्यांचे योगदान होय. चीनमधील त्यांचे वास्तव्य जेमतेम सव्वाचार वर्षांचे होते. गेगोंगमधील संचालकपदाचा काळ तर दोन वर्षांहूनही कमी होता. तेवढ्या काळात त्यांनी चालवलेले रुग्णालय पुढे वाढत गेले आणि बेथ्यून यांच्याच नावाने ते शिच्याच्वांग येथे आजही रुग्णसेवा देत आहे.